'किंवा' या शब्दाची किंमत

मोशी-चिखलीत करमाफी म्हटले की लोकांना शास्तीकर आठवतो. १९९७ साली आसपासची गावे महापालिकेत आली, गुंठा-दोन गुंठ्यांवर घरे उभी राहिली आणि परवानगी नाही म्हणून पुढे त्यांच्यावर मूळ मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागली. या एका कराने पिंपरी-चिंचवडचे राजकारण कित्येक वर्षे ढवळून काढले. मोर्चे निघाले, प्रत्येक निवडणुकीत आश्वासने दिली गेली. आधी लहान घरांना सूट मिळाली आणि २०२३ मध्ये मूळ कर भरण्याच्या अटीवर सरकारने शास्ती माफ केली. ही माफी बरोबर की चूक, यावर आजही चहाच्या टपरीवर वाद होऊ शकतो. ज्यांनी नियमाने परवानगी घेऊन बांधले त्यांनी काय गुन्हा केला, असे विचारणारेही भेटतात. हा वाद चांगला आहे. सरकार जेव्हा कुणाचा तरी कर सोडते, तेव्हा बाकीच्यांनी 'का सोडला' असे विचारलेच पाहिजे.

पण याच मोशीतून इंद्रायणी ओलांडून नाशिक रस्त्याने चाकणकडे निघालो, की एक वेगळी करमाफी सुरू होते. तिच्यावर टपरीवर चर्चा होत नाही, मोर्चे निघत नाहीत आणि जाहीरनाम्यात तिचे नावही नसते. ती मोठ्या उद्योगांना मिळणारी सवलत आहे. रक्कम शास्तीकरापेक्षा कितीतरी मोठी असते आणि ती ज्या पैशातून दिली जाते तो पैसा आपला सगळ्यांचा असतो. आपल्यातले हजारो तरुण रोज कंपनीच्या बसने त्या रस्त्यावरून जातात. म्हणून ही सवलत कशी ठरते, तिच्या अटी काय असतात आणि त्या अटींत आपण कुठे बसतो, हे समजून घेणे आपले काम आहे.

सवलत मिळते कशी?

महाराष्ट्रात उद्योगांना सवलती देणारी मुख्य योजना आहे 'सामूहिक प्रोत्साहन योजना'. ती १९६४ साली सुरू झाली. तेव्हाचा हेतू स्पष्ट होता: कारखाने मुंबई, ठाणे, पुण्यातच गर्दी करतात, ते मागास भागांत गेले पाहिजेत. त्यासाठी पुढे राज्यातील तालुक्यांचे गट पाडले गेले. विकसित भाग 'अ' गटात, मग 'ब', 'क', 'ड', 'ड अधिक', आणि शेवटी विनाउद्योग जिल्हे व नक्षलग्रस्त भाग. जितका भाग मागे, तितकी सवलत जास्त. तत्त्व म्हणून यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. गडचिरोलीत कारखाना काढणाऱ्याला रस्ता, कामगार, सुटे भाग, सगळेच महाग पडते. त्याला हात देणे हे सरकारचे कर्तव्यच आहे.

सवलतींचे प्रकार अनेक आहेत. विद्युत शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात माफी, लहान उद्योगांना व्याजात सूट. पण सगळ्यात मोठी असते ती 'औद्योगिक प्रोत्साहन अनुदान' नावाची गोष्ट. ती नीट समजून घेऊ. समजा, परभणीच्या एका माणसाने महाराष्ट्रात बनलेली गाडी घेतली. किमतीबरोबर त्याने जीएसटी भरला. त्यातला निम्मा भाग राज्याचा. गाडीवाल्याला वाटते, आपला कर तिजोरीत गेला, त्यातून शाळा चालतील, दवाखाना चालेल. गाडी बनवणारा प्रकल्प जर या योजनेत पात्र असेल, तर राज्याच्या वाट्याचा तो कर अनुदान म्हणून कंपनीला परत दिला जातो, गुंतवणुकीच्या ठरावीक टक्क्यांची मर्यादा गाठेपर्यंत किंवा ठरलेली वर्षे संपेपर्यंत. विक्रीकराच्या काळात कर माफ व्हायचा किंवा पुढे ढकलला जायचा. व्हॅट आला, मग जीएसटी आला, तसे स्वरूप बदलत गेले. मूळ गोष्ट तीच राहिली: कर भरला ग्राहकाने, तिजोरीने तो कंपनीला दिला.

म्हणजे याला 'सवलत' म्हणा, 'प्रोत्साहन' म्हणा, हिशेबाच्या भाषेत हा खर्चच आहे. शाळेवरचा खर्च अर्थसंकल्पात दिसतो, त्यावर चर्चा होते, पैसे कमी पडले तर त्याला कात्री लागते. मोठ्या प्रकल्पाला दिलेले वचन मात्र एकदा दिले की वर्षानुवर्षे चालू राहते. ते सहज मागेही घेता येत नाही. मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की करमाफीच्या आश्वासनावर विसंबून कुणी कारखाना उभारला असेल, तर सरकारला नंतर शब्द फिरवता येणार नाही. न्याय म्हणून ते योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की विचार करायचा तो शब्द देण्याआधी. अटी घालायच्या त्या सही होण्याआधी.

एक शब्द, मोठा फरक

आता अटींकडे वळू. २०१३ च्या योजनेत 'विशाल प्रकल्प' कुणाला म्हणायचे, याची व्याख्या होती. विकसित 'अ' आणि 'ब' गटांत ७५० कोटींची गुंतवणूक किंवा १,५०० लोकांना रोजगार. विनाउद्योग आणि नक्षलग्रस्त भागांत १०० कोटींची गुंतवणूक किंवा २५० लोकांना रोजगार. असा दर्जा मिळाला की सरकार त्या प्रकल्पासाठी खास, वेगळे ठरवून पॅकेज देऊ शकते.

या वाक्यातला 'किंवा' पाहा. गुंतवणूक पुरेशी असेल तर रोजगाराचा आकडा गाठण्याची गरज उरत नाही. ज्या कारखान्यात रंगकाम, वेल्डिंग, जोडणी सगळे रोबो करतात, त्याची गुंतवणूक आपोआप मोठी असते आणि माणसे आपोआप कमी. व्याख्येत 'आणि' असता, तर कंपनीला दोन्ही द्यावे लागले असते. 'किंवा' असल्यामुळे सरकारी तिजोरी यंत्राला जितकी मदत करते, तितकी माणसाला करेलच असे नाही. उद्घाटनाच्या भाषणात मात्र रोजगाराचाच उल्लेख आधी होतो.

दुसरी बारीक गोष्ट. विकसित भागासाठीही खास पॅकेजची दारे उघडी आहेत, फक्त उंबरठा उंच आहे. उंच उंबरठा ओलांडता येतो तो मोठ्यांनाच. भोसरी-तळवड्यातल्या दहा-वीस मशिनच्या शॉपला ७५० कोटी स्वप्नातही दिसत नाहीत. योजना सुरू झाली ती कारखाने पुण्यापासून दूर नेण्यासाठी; पण पुण्याच्या पट्ट्यातही पुरेसे मोठे असाल तर बोलणी होऊ शकतात, असा तिचा अर्थ होतो. चाकणला येणाऱ्या कंपनीला इथे आणणारी कारणे वेगळीही आहेत. बजाज ऑटोचा कारखाना इथे १९९९ पासून आहे, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला, त्यांच्यामागे शेकडो सुटे भाग पुरवणारे आले. शेजारी भोसरी-पिंपरीची जुनी कारागिरी आहे, आयटीआयची मुले आहेत, बंदराकडे जाणारा रस्ता आहे. जी कंपनी या कारणांनी तशीही आली असती, तिला सवलत दिली तर जनतेला त्या पैशातून जास्तीचे काय मिळाले? सवलत देताना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे.

तिसरी गोष्ट रोजगार मोजण्याची. राज्याचे धोरण सांगते, की सवलत घेणाऱ्या उद्योगात ८० टक्के कामगार स्थानिक असावेत. स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे राहिलेला. पण नोकरी कशाला म्हणायचे? कायम कामगार, कंत्राटी कामगार, शिकाऊ, ट्रेनी, हे सगळे एकाच गेटमधून आत जातात. २०१३ साली 'नीम' योजना आली आणि चाकणमध्ये 'नीम ट्रेनी' हा शब्द घरोघरी पोचला. शिकण्याच्या नावाखाली लाइनवर उभे राहून उत्पादनच काढायचे, पगाराऐवजी विद्यावेतन घ्यायचे आणि मुदत संपली की दुसऱ्या गेटवर जायचे, असा अनुभव अनेकांनी सांगितला. ती योजना बंद झाली, नावे बदलली, पद्धत पुरती गेलेली नाही. सवलतीच्या करारात 'रोजगार' या शब्दाची व्याख्या कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी आणि किमान कालावधी यांच्याशी बांधली नसेल, तर तो आकडा कागदावर भरतो आणि घरात काही येत नाही.

राज्याराज्यांतला लिलाव

उद्योगांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, आम्हाला दुसरे राज्य जास्त देते, मग आम्ही तिकडे का जाऊ नये? हे खोटे नाही आणि पिंपरी-चिंचवडने ते भोगले आहे. २००३ साली केंद्राने उत्तरांचलसाठी पॅकेज जाहीर केले: नव्या कारखान्यांना दहा वर्षे अबकारी करात पूर्ण माफी, शिवाय आयकरात सूट. २००७ मध्ये बजाजने पंतनगरला कारखाना सुरू केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आकुर्डीतील उत्पादन थांबवले. इथल्या करांमुळे गाडी महाग पडते, असे कंपनीचे म्हणणे होते. ज्या आकुर्डीत १९७२ पासून चेतक बनली, तिथल्या अडीच हजारांहून अधिक कामगारांपुढे प्रश्न उभा राहिला. देशात एकूण स्कूटर-मोटारसायकली त्यामुळे वाढल्या नाहीत; इथल्या नोकऱ्या गेल्या, तिथे आल्या आणि मध्ये केंद्राचा कर बुडाला. पुढे २०२२ मध्ये इलेक्ट्रिक चेतकचा कारखाना आकुर्डीतच सुरू झाला. जागा तीच, नाव तेच. ज्यांची नोकरी २००७ मध्ये गेली, त्यांचे वय मात्र परत आले नाही.

तळेगावची गोष्ट अजून ताजी आहे. वेदांता-फॉक्सकॉनचा १.५४ लाख कोटींचा सेमीकंडक्टर प्रकल्प तिथे येणार अशी चर्चा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला गेला. 'आमचा प्रकल्प पळवला' म्हणून आपल्याकडे राजकीय रणकंदन झाले, आपण जास्त द्यायला तयार होतो असे दावे झाले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले. म्हणजे ज्यासाठी दोन राज्ये एकमेकांवर बोली लावत होती, तो प्रकल्प त्या रूपात कुठेच उभा राहिला नाही. त्याच फॉक्सकॉनने २०१७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याला १३,००० नोकऱ्यांचे वचन दिले होते आणि त्या बदल्यात सुमारे तीन अब्ज डॉलरच्या सवलती ठरल्या होत्या. नोकऱ्या त्या प्रमाणात झाल्या नाहीत. २०२१ मध्ये करार नव्याने झाला: १,४५४ नोकऱ्या आणि सुमारे आठ कोटी डॉलर. विस्कॉन्सिनला करार इतका खाली आणता आला, कारण सवलत प्रत्यक्ष भरलेल्या नोकऱ्यांशी आणि केलेल्या गुंतवणुकीशी जोडलेली होती. काम झाले नाही, म्हणून पैसेही गेले नाहीत. अट लिहिली असेल तर असा फरक पडतो.

तळेगावातच जनरल मोटर्सने २००८ मध्ये कारखाना सुरू केला, २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबवली, २०२० च्या अखेरीस उत्पादन बंद केले. २०२१ मध्ये चौदाशेहून अधिक कामगारांना ले-ऑफची नोटीस मिळाली. २०२४ च्या सुरुवातीला तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. आम्हाला नव्या मालकाकडे सामावून घ्या, ही कामगार संघटनेची मागणी होती. जमीन, इमारत, यंत्रे यांचे हस्तांतर कराराने झाले. कामगारांना त्यासाठी उपोषणाला बसावे लागले. उद्योगाला जमीन आणि सवलत देतानाच 'कंपनी गेली तर कामगारांचे काय' हे लिहून घेता येते. कंपनी निघून गेल्यावर लिहून घ्यायला समोर कुणी उरत नाही.

शिष्यवृत्तीला जी चाळणी, ती सवलतीला का नको?

आता आपल्या घरातला हिशेब पाहू. अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचा अर्ज ज्याने भरला आहे त्याला माहीत आहे: उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खाते, शाळेची पडताळणी, हजेरी आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. काही हजार रुपयांसाठी एवढी चाळणी. २०२२ मध्ये केंद्राने पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती बंद केली. त्याच वर्षी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद झाली. इतर योजनांशी ती दुबार होते, असे कारण दिले गेले. त्याआधी २० सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के केला. वर्षाला १.४५ लाख कोटींचा महसूल सोडावा लागेल, असा सरकारचाच अंदाज होता. या दरकपातीला नोकऱ्यांची कोणतीही अट जोडलेली नव्हती.

शिष्यवृत्तीची पडताळणी होऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. जनतेचा पैसा आहे, पडताळणी झालीच पाहिजे. पण मग विद्यार्थ्याच्या हजेरीइतक्याच बारकाईने कंपनीची हजेरीही तपासा.

दुसरे उदाहरण मोशीच्या शेजारचेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीत महापालिकेने चार हजारांहून अधिक बांधकामे पाडली. भंगाराची गोदामे, वर्कशॉप, लहान कारखाने. त्यात आपल्या समाजातले कितीतरी व्यावसायिक आणि कामगार होते. बांधकामे अनधिकृत होती, आगी लागत होत्या, इंद्रायणीत प्रदूषण होत होते, हे महापालिकेचे म्हणणे होते आणि त्यातले धोके खरे होते. गोदामाला लागलेली आग शेजाऱ्याचा धर्म विचारत नाही. तरीही एक प्रश्न राहतो. मोठ्या कारखान्यांतून निघणारे पत्रे, प्लॅस्टिक, पुठ्ठा याच गोदामांत वेगळे होऊन पुन्हा उद्योगाकडे जात होते. मोठ्याला जमीन, रस्ता, वीज आणि वर कराचा परतावा. त्याच साखळीतल्या शेवटच्या कडीला नियमात बसणारा भंगार पार्क, अग्निशमनाची सोय, परवानगीचा सरळ मार्ग मिळाला असता, तर तोही उद्योग धोरणाचाच भाग झाला असता.

जकात आणि अमानत

मराठीत 'जकात' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक नाक्यावरची जकात, जिच्यामुळे पिंपरी-चिंचवडला कधी काळी आशियातील श्रीमंत महापालिका म्हणायचे. २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी आला. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांचा एलबीटी माफ झाला आणि २०१७ मध्ये जीएसटीत सगळेच विलीन होऊन महापालिका राज्याच्या भरपाईवर आली. दुसरी जकात आपल्या घरातली. तिचा निसाब ठरलेला, दर अडीच टक्के ठरलेला, वर्ष पूर्ण होण्याची अट ठरलेली, आणि पैसा कुणाला द्यायचा याचे आठ वर्ग ठरलेले. तिथे मर्जीला जागा ठेवलेली नाही, कारण तो पैसा अमानत आहे. सरकारी तिजोरीही अमानतच आहे. तिच्यातून कुणाला सोडायचे, किती, किती काळ आणि कशाच्या बदल्यात, हे तितकेच स्पष्ट असायला हवे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. व्याख्येतला 'किंवा' काढून 'आणि' घाला: गुंतवणूक आणि रोजगार. रोजगार म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत दिसणारी, ठरावीक वर्षे टिकणारी नोकरी. वचन पाळले नाही तर सवलत व्याजासह परत घेण्याची अट करारात असू द्या. प्रदूषणाचे नियम मोडणाऱ्याचा परतावा थांबवा. सवलतीचा ठरावीक वाटा लहान उद्योगांसाठी आणि ज्या गावांच्या रस्त्यांवर, पाण्यावर या वसाहतींचा भार पडतो त्यांच्यासाठी राखून ठेवा. आणि दरवर्षी कंपनीनिहाय, जिल्हानिहाय हिशेब विधिमंडळापुढे मांडा: किती कर सोडला, किती नोकऱ्या मिळाल्या. केंद्र सरकार २००६-०७ पासून अर्थसंकल्पासोबत सोडलेल्या महसुलाचे विवरण देते. अमेरिकेत तर २०१५ च्या लेखा-नियमानुसार शहरांना आणि राज्यांना अशा करमाफीत गमावलेली रक्कम आपल्या हिशेबात दाखवावी लागते. हे अशक्य काम नाही.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार अनुदान योजनांचे लाभार्थी, दिलेल्या रकमा आणि सवलती मिळालेल्यांचा तपशील सरकारी कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचा असतो. 'व्यापारी गुपित' म्हणून नकार मिळाला, तर त्याच कायद्यात उत्तर आहे: व्यापक जनहित असेल तर ती माहितीही देता येते. तिजोरीतून किती रुपये गेले, हे कुणाचे व्यापारी गुपित असू शकत नाही.

वकिली शिकणाऱ्या, कॉमर्स करणाऱ्या, शॉप-फ्लोअरवर काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी हे काम हातात घ्यावे. मोहल्ल्यात तीन-चार जणांनी एकत्र बसून योजनेचा शासन निर्णय वाचावा. तो मराठीतच असतो. उद्योग संचालनालयाला एक अर्ज करावा: पुणे जिल्ह्यात गेल्या पाच वर्षांत औद्योगिक प्रोत्साहन अनुदान कुणाला, किती, आणि त्या बदल्यात किती कायम नोकऱ्या. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर आले की ते प्रसिद्ध करा, आलेच नाही तर अपील करा आणि पुढच्या वेळी मते मागायला येणाऱ्याच्या हातात तोच कागद ठेवा. उद्योगांना विरोध करण्याचा इथे प्रश्नच नाही; आपल्या चुली त्यांच्यावरच पेटतात. पण ज्याला आपल्या कराचा पैसा परत दिला जातो, त्याच्याकडे आपल्या मुलांच्या कायम नोकरीचा हिशेब मागण्याचा हक्क आपल्याला आहे.